हॉलमार्क आणि तसे पिक्चर बनवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र: फॉर्म्युला राहू दे, पण त्या दोघांना एकमेकांसोबत थोडा वेळ द्या

सप्रेम नमस्कार,

हे पत्र मुख्यतः ख्रिसमसचे रोमँटिक पिक्चर बनवणाऱ्या हॉलमार्क चॅनलला लिहितेय, पण लाइफटाइम आहे, ग्रेट अमेरिकन फॅमिली आहे, डिसेंबरात असेच पिक्चर आणणारं नेटफ्लिक्स आहे, आणि इथे कॅनडात ज्या छोट्या प्रॉडक्शन कंपन्या तुमच्यासाठी हे पिक्चर शूट करून देतात त्याही आहेत, त्या सगळ्यांनी हे आपल्यालाच लिहिलंय असं समजून वाचावं. लेखक, दिग्दर्शक, कास्टिंगवाले, एडिटर, म्युझिकवाले, सगळेच. मी ओटावात राहते, घरात मराठी बोलतो आम्ही, आणि ऑक्टोबर संपत आला की आमच्याकडे डब्ल्यू नेटवर्कवर तुमचे ख्रिसमसचे पिक्चर सुरू होतात ते नवीन वर्षापर्यंत चालूच असतात. मी मनापासून बघते, म्हणूनच हे लिहितेय. ज्यांना तुमचे पिक्चर आवडत नाहीत ते पत्रं लिहीत बसत नाहीत, चॅनल बदलतात.

पहिलीच गोष्ट स्पष्ट करते, माझी फॉर्म्युल्याबद्दल अजिबात तक्रार नाहीये. तुमच्यावर टीका करणारे नेहमी तिथूनच सुरुवात करतात, की सगळे पिक्चर सारखेच, मोठ्या शहरातली करिअरवाली मुलगी गावी येते, तिथे कोणाचं तरी हॉटेल नाहीतर ख्रिसमस ट्रीची शेती नाहीतर आजीची बेकरी बंद पडायला आलेली असते, एक विधुर आणि त्याची गोड मुलगी असते, कुकीज होतात, झाडाचे दिवे लागतात, किस होता होता कोणीतरी दार उघडतं, मग गैरसमज, आणि शेवटच्या दोन मिनिटांत बर्फ पडायला लागतो आणि एकदाचा किस. बरोबर आहे, असंच असतं. पण शेवट माहीत असणं हा दोष कधीपासून झाला? कीर्तनाला बसणाऱ्या प्रत्येकाला आख्यान पाठ असतं, सीता परत येणार हे लहान पोरालाही माहीत असतं, तरी लोक बसतात आणि रडतातही, कारण गोष्ट काय आहे यापेक्षा बुवा ती आज कशी सांगतायत हे बघायचं असतं. रात्रपाळी करून आलेल्या नर्सला, परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात दुपारी साडेचारला अंधार बघून घाबरलेल्या नव्या नवरीला, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला, दोन तास असं काहीतरी हवं असतं ज्यात कोणाचं वाईट होणार नाही याची खात्री आहे. ही खात्री तुम्ही देता ही मोठी गोष्ट आहे, ती सोडू नका.

आणि तुम्ही ते किती कमी साधनांत करता तेही मला माहितीये. कॅन्सस सिटीत १९१० साली सुरू झालेली शुभेच्छापत्रांची कंपनी, २००१ मध्ये त्या नावाचं चॅनल, २००९ पासून ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ नावाचा ख्रिसमसच्या पिक्चरांचा सीझन, आणि पुढे तर २०१९ च्या एका सीझनला तुमच्या दोन चॅनलवर मिळून चाळीस नवे पिक्चर. एकेक पिक्चर साधारण दोन-तीन आठवड्यांत शूट होतो. दोन तासांचा स्लॉट, त्यातले जवळपास दीड तास पिक्चर आणि बाकी जाहिराती, म्हणून स्क्रिप्टचे नऊ भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी छोटंसं अडकवून ठेवायचं म्हणजे माणूस जाहिरातीत उठून जात नाही. टॅक्स क्रेडिट, म्हणजे करात सवलत, मिळतं म्हणून शूटिंग कॅनडात, आणि डिसेंबरात दाखवायचं म्हणून बऱ्याचदा भर उन्हाळ्यात. ही सगळी शिस्त आहे, आणि शिस्तीत चांगलं काम होतं. इतक्या शिस्तीत बनलेल्या पिक्चरमध्ये मग त्या दोघांच्यात काहीच का घडत नाही, हा माझा प्रश्न आहे.

माझ्या सासूबाई सहा महिने आमच्याकडे असतात. त्यांना इंग्रजी वाचता येतं पण इथले उच्चार भरभर आले की कळत नाहीत, त्यामुळे त्या तुमचे पिक्चर जवळजवळ मुके असल्यासारखे बघतात. आणि दहा मिनिटांत सांगतात, "यांचं जमणार" किंवा "ह्याचं तिच्याकडे लक्षच नाहीये गं, हा आपला स्वतःचं वाक्य कधी येतंय याची वाट बघतोय." मी संवाद ऐकत असते, संवादात तर हिरो म्हणत असतो की तुझ्यासारखी मुलगी मी आयुष्यात बघितली नाही, आणि सासूबाईंना आवाजाशिवाय दिसत असतं की तो तिला बघतच नाहीये. आता मीही कधी कधी आवाज बंद करून बघते आणि खरंच सांगते, तुमच्या एडिटिंगच्या खोलीत हे एकदा करून बघा. केमिस्ट्री कानाला कळते त्याच्या आधी डोळ्यांना कळते. ती बोलत असताना त्याचा चेहरा काय करतोय, तिचं वाक्य संपायच्या आत त्याला हसू फुटतंय की वाक्य संपल्यावर, पूर्ण संपल्यावर, एक सेकंद थांबून फुटतंय. खरं ऐकणाऱ्या माणसाचं हसू जरा आधीच येतं, नाहीतर उशिरा येतं, बरोबर ठेक्यावर कधीच येत नाही.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की केमिस्ट्री ही शरीराची गोष्ट आहे, आणि शरीराला खरं काहीतरी मिळाल्याशिवाय ते खरं वागत नाही. खरं म्हणजे काही उघडंवाघडं नव्हे, गैरसमज नको. खरी थंडी, खरी कॉफी, खरं काम, समोरच्याचं खरंखुरं नवीन वाक्य.

थंडीचंच घ्या. आमच्यापासून पाऊण तासावर आल्मॉन्ट म्हणून गाव आहे, मिसिसिपी नदीच्या काठावर (अमेरिकेतली नाही, ओंटारिओची वेगळी), जुन्या कापडगिरण्या, दगडी इमारती, धबधबा, बास्केटबॉल शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ त्याच भागातले म्हणून मिल स्ट्रीटवर त्यांचा पुतळा. अतिशय देखणं गाव, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिथे शूटिंग केलंय. मी तिथे भर उन्हाळ्यात बघितलंय, दुकानांना हिरव्या माळा, फुटपाथच्या कडेला पांढऱ्या चादरी आणि फेस, आणि दोन नट लोकरीचे कोट, मफलर घालून उभे, कट म्हटलं की कोणीतरी धावत पंखा घेऊन येतंय. बिचाऱ्यांची दया आली, मेहनतीचं काम आहे. पण मग पडद्यावर काय दिसतं? तोंडातून वाफ निघत नाही. नाक लाल नाही. कोटाची बटणं उघडी ठेवून, हात मोकळे सोडून, रात्रीच्या बर्फात दोघं दहा मिनिटं गप्पा मारतायत. मी उणे वीसमध्ये बस स्टॉपवर उभी राहणारी बाई आहे, तुम्हाला सांगते, उणे वीसमध्ये माणूस माणसाच्या जवळ जातो. ठरवून नाही, आपोआप. वाऱ्याच्या बाजूला कोण उभं राहायचं हे न बोलता ठरतं. एकाने खांदा वळवून दुसऱ्याला आडोसा केलेला असतो आणि दोघांच्याही ते लक्षात नसतं. यापेक्षा रोमँटिक काय असतं सांगा! आणि हे सगळं तुम्ही गमावता, कारण ऑगस्टमध्ये घामाघूम झालेल्या दोन माणसांना एकमेकांच्या जवळ जावंसंच वाटत नाही, ते दिग्दर्शकाने सांगितलेल्या खुणेवर येऊन उभे राहतात.

बरं, उन्हाळ्यात शूटिंग करावं लागतं हे मान्य. मग नटांना निदान सांगा तरी थंडी कशी वागवते ते. रिडो कॅनॉल गोठला की त्याच्यावर पावणेआठ किलोमीटर स्केटिंग चालतं आमच्याकडे, तिथे जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या रविवारी तुमच्या लेखकांना आणून उभं करा. तुमच्या प्रत्येक पिक्चरमध्ये स्केटिंगचा सीन असतो, त्यात ती घसरते, तो पकडतो, नाकाला नाक लागेल इतकं जवळ, घंट्यांचं म्युझिक, कट. खऱ्या बर्फावर असं होत नाही. एक घसरतो, दुसरा उचलायला जातो आणि तोही पडतो, मग आधी दोघं हसतात, मग "लागलं का?" विचारतात, मग कोणाच्या तरी बाहीतून बर्फ आत गेलेला असतो आणि तो झटकताना पहिल्यांदा हाताला हात लागतो, जाड लोकरी हातमोज्यातून. आणि पुढे ते एकमेकांचा हात सोडत नाहीत कारण आता दोघांनाही पडायची भीती आहे, म्हणजे कारणही आहे आणि निमित्तही आहे. हे लिहायला एक पैसा जास्त लागत नाही.

तीच गोष्ट कॉफीच्या कपांची. प्रत्येक पिक्चरमध्ये हिरोईन कागदी कप घेऊन फिरते आणि तो रिकामा असतो हे लहान मुलालाही कळतं, वजनच नसतं हातात, बोलता बोलता कप आडवा होतो. लोक यावर हसतात आणि सोडून देतात पण मला ते फार लागतं. कारण थंडीत कोणीतरी आपल्यासाठी गरम कॉफी आणली ही केवढी मोठी गोष्ट असते, दोन्ही हातांनी कप धरला जातो, पहिला घोट घेताना डोळे मिटतात, आणि समोरचा ते बघत असतो. कप रिकामा असला की हे सगळं नटीला नुसतं दाखवावं लागतं, आणि मग जिथे कॉफीच खोटी आहे तिथे पुढच्या नजरेवर मी विश्वास का ठेवायचा? पाणी भरा, कोमट पाणी भरलंत तरी चालेल. वजन हवं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आमच्याकडे एवढा वेळ नसतो. म्हणून तुमच्याच इंडस्ट्रीतली दोन जुनी उदाहरणं देते, कारण दोन्ही रोमँटिक कॉमेडीच आहेत, दोन्हींचा शेवट पहिल्या पंधरा मिनिटांत कळतो, आणि दोन्ही घाईत झालीत.

पहिलं १९३४ चं ‘इट हॅपन्ड वन नाइट’. फ्रँक काप्राचा पिक्चर. क्लार्क गेबलला त्याच्या स्टुडिओने कोलंबिया या दुसऱ्या स्टुडिओकडे उसना पाठवला होता, क्लॉडेट कोलबेअरने नेहमीच्या दुप्पट पैसे मागितले आणि वर चार आठवड्यांत माझं काम संपलं पाहिजे अशी अट घातली. म्हणजे दोघांपैकी कोणालाही फार उत्साह नव्हता. गोष्ट म्हणाल तर श्रीमंत बापाची पळून आलेली मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार, एकत्र प्रवास, भांडणं, प्रेम. फॉर्म्युलाच! त्याला मुख्य पाचही ऑस्कर मिळाले. आणि त्यात बघा काय आहे: रस्त्याकडेच्या एका खोलीत सकाळी नाश्ता करताना तो तिला डोनट कॉफीत कसा बुडवायचा हे शिकवतो, फार वेळ ठेवायचा नाही, मऊ पडून गळून जातो. बस, एवढाच सीन. पण कॉफी खरी आहे, डोनट खरा आहे, त्याला काहीतरी येतं जे तिला येत नाही, आणि एवढ्या पैशात वाढलेल्या मुलीला या माणसाकडून काहीतरी शिकावंसं वाटतंय हे तिच्या तोंडावर दिसतं. लगेच नंतर तिच्या बापाचे डिटेक्टिव्ह येतात, आणि ही दोघं काही न ठरवता नवरा-बायको असल्याचं नाटक करतात, असलं कडाकडा भांडतात एकमेकांशी की डिटेक्टिव्ह निघून जातात. ते गेल्यावर दोघं हसतात ना, तिथे पिक्चर जमला. कारण त्या क्षणी ते दोघं एका बाजूला आहेत आणि सगळं जग दुसऱ्या बाजूला. तुमच्या पिक्चरमध्ये अख्खं गावच त्या दोघांना एकत्र आणायला टपलेलं असतं, आजी, मैत्रीण, दुकानदार, ती छोटी मुलगी, सगळे डोळे मिचकावतायत, मग त्या दोघांचं स्वतःचं असं काय राहिलं? त्यांच्यात एक तरी गुपित असू दे, जे आम्हाला आणि त्यांनाच माहितीये.

आणि तुम्हाला सोज्वळ पिक्चर हवा असतो म्हणून एक सांगते, त्या पिक्चरमध्ये दोन पलंगांच्या मध्ये दोरीवर घोंगडी टांगलेली आहे, तिलाच ते भिंत म्हणतात, आणि शेवटच्या सीनमध्ये ही दोघं दिसतसुद्धा नाहीत, नुसती घोंगडी खाली पडते. झालं. काही दाखवलं नाही आणि सगळं कळलं. तेव्हा आमचे नियम आहेत, आम्हाला फॅमिलीसाठी बनवायचं असतं, हे कारण चालणार नाही. अटी आल्या की उलट कल्पना जास्त चालते.

दुसरं १९४० चं ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’, एर्न्स्ट लुबिचचं, बुडापेस्टमधलं एक दुकान आणि ख्रिसमसची संध्याकाळ, म्हणजे अगदी तुमचा विषय. जेम्स स्टुअर्ट आणि मार्गारेट सलिव्हन. तेही साधारण चार आठवड्यांतच झालेलं काम. दोघं एका दुकानात नोकरीला, दिवसभर एकमेकांना टोमणे, आणि रात्री एका अनोळखी माणसाला प्रेमाची पत्रं, तो अनोळखी माणूस म्हणजे समोरचाच, हे आधी त्याला कळतं, तिला कळत नाही. त्यात पोस्टाचा एक सीन आहे तो कृपया सगळ्यांनी एकत्र बसून बघा. कॅमेरा टपालाच्या कप्प्याच्या मागच्या बाजूला ठेवलाय. कप्पा उघडतो, हातमोजा घातलेला हात आत येतो, चाचपडतो, कोपऱ्यापर्यंत जातो, काही नाही. हात परत जातो. आणि मग तिचा चेहरा दिसतो, कप्प्यातून आत बघणारा, कदाचित हाताला लागलं नसेल म्हणून डोळ्यांनी एकदा बघून घेऊ असा. हिरो त्या सीनमध्ये नाहीच! तरी त्या दोघांच्या केमिस्ट्रीचा सगळ्यात मोठा सीन तो आहे, कारण तिला तो किती हवाय हे आम्हाला कळलं आणि त्याला ते अजून तितकं माहीत नाही. तुमच्या पिक्चरमध्ये हवंसं वाटणं हे नेहमी दोघं समोरासमोर असतानाच घडतं, आणि एकटी असताना ती फोनवर बॉसशी बोलत असते. तिला एकदा एकटीला वाट बघू दे ना.

तिथे आणखी एक गोष्ट होती, स्टुअर्ट आणि सलिव्हन एकमेकांना कित्येक वर्षांपासून ओळखत होते, नाटकातल्या उमेदवारीच्या दिवसांपासून. गेबल आणि कोलबेअरचं तसं काही नव्हतं. म्हणजे नटांची आधीची मैत्री असलीच पाहिजे असंही नाही आणि नसलीच पाहिजे असंही नाही. दोन्हीकडे समान काय आहे म्हणाल तर दोघं एकाच फ्रेममध्ये बराच वेळ आहेत. मला वाटतं सगळ्यात मोठी गोम इथेच आहे. तुमच्या शूटिंगची पद्धत अशी की आधी एक लांबचा शॉट, मग त्याचा क्लोजअप, मग तिचा क्लोजअप, आणि एडिटिंगमध्ये तो-ती-तो-ती असं पिंगपाँग. वेळ वाचतो, एखाद्याचं वाक्य चुकलं तर दुसऱ्या टेकमधलं घेता येतं, कळतं मला. पण क्लोजअप जोडून एडिटर नजर बनवू शकतो, श्वास बनवू शकत नाही. दोघांचे खांदे एका चौकटीत दिसले की आम्हाला कळतं की तिने काहीतरी म्हटलं आणि त्याचं अंग किंचित तिकडे वळलं, किंवा वळलं नाही. मराठीत २०१० साली ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आला, सतीश राजवाडेचा, मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी पुण्यात एक दिवस फिरतायत आणि बोलतायत, त्या पिक्चरमध्ये त्यांना नावंसुद्धा दिलेली नाहीत, ना आजीची बेकरी ना गैरसमज, आणि शेवट काय होणार हे आम्हाला पोस्टर बघूनच माहीत होतं. तरी लोकांनी डोक्यावर घेतला, कारण ती चिडली की त्याला मजा येते आणि त्याला मजा येतेय म्हणून ती आणखी चिडते हे एकत्र चालताना, एका फ्रेममध्ये दिसत राहतं. दोन माणसं आणि एक शहर, एवढंच सामान.

म्युझिकबद्दल पण बोलायचंय. एक मिनिट शांतता नसते तुमच्याकडे. ती काहीतरी मनातलं सांगते, आईची आठवण वगैरे, आणि तिचं वाक्य व्हायच्या आधी पियानो सुरू, मग तो बघतो तेव्हा व्हायोलिन. म्हणजे काय वाटून घ्यायचं हे मला आधीच सांगितलं, आता नटांना करायला काय उरलं? जिथे तुम्हाला वाटतंय की हा सीन हळवा आहे, तिथलंच म्युझिक काढा. शांतता जड वाटली तर समजा की सीनमध्येच काही नाहीये, पियानोने ते झाकू नका.

आणि तो गैरसमज! पिक्चर संपायला वीस-पंचवीस मिनिटं उरली की ती त्याचं अर्धं फोनवरचं बोलणं ऐकते नाहीतर तो तिला जुन्या बॉयफ्रेंडला मिठी मारताना बघतो, आणि कोणी कोणाला काही विचारत नाही. इतके दिवस जो माणूस तिच्याशी मनमोकळं बोलत होता त्याला एक प्रश्न विचारता येत नाही? तिथे माझा त्या दोघांवरचा विश्वास उडतो, आणि केमिस्ट्री म्हणजे शेवटी दोन माणसांचा एकमेकांवर बसत चाललेला विश्वासच आहे. अडथळा खरा द्या. तिला तिचं शहरातलं काम खरंच आवडतं, ती त्यात हुशार आहे, आणि त्याला वडिलांना सोडून गावाबाहेर पडता येत नाही. दोघंही बरोबर. आता काय करायचं यावर ते भांडू देत, जोरात भांडू देत, आणि भांडताना एकमेकांना समजून घेऊ देत. शेवट गोडच करा, मला गोडच हवाय, फक्त प्रत्येक वेळी तिनेच नोकरी सोडून बेकरीत यावं असं काही लिहून ठेवलेलं नाहीये. आणि शहरातला तो होणारा नवरा, जो सतत फोनवर असतो आणि पहिल्या दहा मिनिटांतच कंटाळवाणा ठरतो, त्याला एकदा चांगला माणूस करून बघा. चांगल्या माणसाला नाही म्हणून ती ज्याच्याकडे जाते त्याचं वजन वाढतं.

तुम्हाला जमत नाही असं मी म्हणतच नाहीये, तुम्ही केलेलं आहे. २०२० चा तुमचाच ‘क्रिसमस वॉल्ट्झ’ घ्या. लग्न मोडलेली मुलगी डान्स शिकायला जाते, लेसी शबेअर आणि विल केम्प. केम्प मुळातला बॅले शिकलेला माणूस, नृत्यदिग्दर्शक मॅथ्यू बोर्नच्या कंपनीत नाचलेला. फॉर्म्युला तोच, पण डान्स शिकवायचा म्हणजे पाठीवर हात कुठे ठेवायचा, वजन कोणत्या पायावर, ती चुकणार, तो सावरणार, दोघांना एकमेकांचा ठेका कळल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, आणि हे तोंडी खोटं करता येत नाही, अंगाला यावं लागतं. म्हणून तो पिक्चर चालतो. सासूबाईंनी तर पहिल्या डान्सच्या क्लासलाच सांगून टाकलं होतं. याचा अर्थ सगळ्यांनी डान्सचे पिक्चर करावेत असा नाही, पण दोघांना मिळून एक असं काम द्या जे नटांनाही आधी शिकावं लागेल. कुकीजवर आयसिंग लावून नाकाला पीठ लावण्यापलीकडे कामं असतात. जुनं घड्याळ दुरुस्त करणं, कॅनू, म्हणजे वल्ह्याची होडी, रंगवणं, पाइपलाइन गोठली म्हणून तळघरात हेअर ड्रायर घेऊन बसणं, हे इथे प्रत्येक घरात होतं.

आणि तुम्ही बदलू शकता हेही आम्ही बघितलंय. २०१९ च्या डिसेंबरात दोन वधूंचा किस असलेल्या जाहिराती तुम्ही आधी काढल्या, मग लोक बोलले, तेव्हा काही दिवसांत माफी मागून निर्णय बदलला. पुढच्याच वर्षी ‘द क्रिसमस हाउस’मध्ये एक गे जोडपं कुटुंबाचा भाग म्हणून आलं आणि २०२२ मध्ये ‘द हॉलिडे सिटर’मध्ये तर दोन पुरुषच नायक होते. त्याच वर्षी रेश्मा शेट्टी नायिका म्हणून दिसली, तेव्हा आमच्या घरात केवढा आनंद झाला होता काय सांगू, भारतीय चेहरा, आणि तोही मैत्रिणीच्या नव्हे, नायिकेच्या रोलमध्ये. लोक म्हणत होते प्रेक्षक पळतील. आम्ही कुठे पळालो? फॉर्म्युला ताणला तर तुटत नाही, आतली माणसं बदलली तर उलट त्यात जीव येतो.

तेव्हा मागणं काय आहे ते सरळ लिहिते. पिक्चर थोडे कमी करा, आणि जे पैसे, जे दिवस वाचतील ते उरलेल्यांना द्या. कास्टिंगच्या वेळी नायिका आधीच ठरलेली असली तरी हिरो ठरवताना दोघांना एका खोलीत बसवून वाचायला लावा, तुमच्या धंद्यात त्याला केमिस्ट्री रीड म्हणतात आणि ते मोठ्या पिक्चरवाल्यांसाठीच राखीव नाहीये. दोघांच्याही बाजूने लिहिलेले चार सीन द्या, आणि ते वाचत असताना वाचणाऱ्याकडे बघू नका, ऐकणाऱ्याकडे बघा. शूटिंगच्या आधी दोन दिवस रिहर्सल द्या, कॅमेरा नाही, कॉस्च्युम नाहीत, फक्त ती दोघं, दिग्दर्शक आणि स्क्रिप्ट, आणि त्यांना एखादं वाक्य नको वाटलं तर ते काढायची मुभा. शेड्यूल असं लावा की शेवटचा किस पहिल्या दिवशी शूट होणार नाही, लोकेशन स्वस्त पडतं म्हणून तसं करू नका, कालच हात मिळवलेल्या दोन माणसांचा तो किस असतो आणि तो तसाच दिसतो. प्रत्येक पिक्चरमध्ये निदान एक सीन टू-शॉटमध्ये, म्हणजे दोघं एकाच फ्रेममध्ये, न कापता, दोन मिनिटं राहू दे. चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांनाही प्रेमात पडू द्या, आणि त्यांना आजी-आजोबांच्या उपकथानकात ढकलू नका. कपात पाणी भरा.

यातलं काही जमलं आणि काही नाही जमलं तरी चालेल. पुढच्या ऑक्टोबरला आम्ही सोफ्यावर असूच, सासूबाई तोपर्यंत पुण्याहून परत आलेल्या असतील, आणि पहिल्या दहा मिनिटांत त्या काय म्हणतात ते हवं असेल तर मी तुम्हाला लिहून कळवीन.

आपली,
ओटावाहून एक मराठी प्रेक्षक